सतवासचं दूध आणि विषाणूचं गोत्र

रेवा, मल्हार, काल तुम्ही विचारलंत, "आजी, डोळ्यांना न दिसणाऱ्या विषाणूचं घराणं कसं ठरवतात?" फोनवर ते मला धड सांगता आलं नाही. म्हणून लिहिते.

देवासजवळच्या एका डेअरीत दही लागेनासं झालं होतं. टाकीत दूध दूधच राहायचं. मी तिथे सल्लागार सूक्ष्मजीवतज्ज्ञ होते. कारण लवकर सापडलं: फाज, म्हणजे जिवाणूंना मारणारा विषाणू. आमच्या विरजणात दोन जातींचे जिवाणू होते. त्यातली एक जात तो संपवत होता.

आला कुठून, हा प्रश्न होता. सतवास गावाहून येणाऱ्या दुधातही फाज सापडला. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या फोटोत दोघांनाही लांब शेपूट.

"मॅडम, शेपूट सेम, व्हायरस सेम," प्लांट मॅनेजर म्हणाले. "सतवास का दूध बंद."

तिथलं संकलन केंद्र चालवणारे कैलाशभिया समोरच बसले होते. "साहब, केंद्र बंद हुआ तो लोग भैंसें बेच देंगे," ते हळूच म्हणाले.

फाजची घराणी पूर्वी शेपटीवरूनच लावत. आता जनुकांवरून लावतात. वटवाघळाला पंख असले म्हणून ते कबुतराचं भावंड होत नाही. मी दोन्ही फाजचं आणि आमच्या दोन्ही जिवाणूंचंही सिक्वेन्सिंग, म्हणजे जनुकांचं अक्षर-अक्षर वाचन, मागितलं.

"अब व्हायरस का गोत्र मिलाओगी, मॅडम?" मॅनेजरांनी विचारलं.

"मिलवणार. लग्न नाही, निकाल लावायचाय."

"पण जिवाणू कशाला?"

कारण काही फाज आपली जनुकं जिवाणूच्या जनुकांत घुसवून पिढ्यान्‌पिढ्या झोपून राहतात.

रिपोर्ट आला. टाकीतल्या आणि सतवासच्या फाजचं नातं अगदी लांबचं निघालं. आमच्याच दुसऱ्या जिवाणूत झोपलेला फाज मात्र टाकीतल्याशी जवळजवळ अक्षरन्‌अक्षर जुळला. तो जागा होऊन बाहेर पडायचा आणि शेजाऱ्याला मारायचा. ज्याच्यात झोपायचा, त्या यजमान जातीला मात्र हात लावत नव्हता.

मॅनेजरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. "ये तो घर का ही निकला."

"तो कल से टैंकर टैम पे भेजना, साहब," कैलाशभिया म्हणाले आणि उठले.

तो जिवाणू काढून, पोटात फाज नसलेला दुसरा घातला. दही लागलं. तोंडवळ्यावरून नातं लावू नये, आणि बाहेरच्याकडे बोट दाखवण्याआधी घरचे तपासावेत, एवढंच.

जुना जिवाणू लॅबच्या फ्रीजरमध्ये आहे, फाजसकट. सतवासचं केंद्र चालू आहे.