आभाळात गवत

११ ऑगस्टच्या संध्याकाळी वहिनींनी घरखर्चातला आपला वाटा, १,२६० रुपये, नेहमीप्रमाणे टेबलावर ठेवला. मोठा भाऊ गेल्यापासून त्या आमच्याकडे राहतात. "दिराच्या जिवावर जेवणार नाही," हे त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं आणि चित्रांच्या दुकानात काम धरलं.

प्रसिद्ध जुन्या चित्रांच्या कॅनव्हासवर छापलेल्या प्रती तिथे विकतात. त्या प्रतींवर ब्रशने पारदर्शक लेप द्यायचा, हे वहिनींचं काम. गवतावर खालून वर आखूड फटकारे, आकाशात लांब आडवे. लेप वाळला की फटकाऱ्यांचे उंचवटे तसेच राहतात आणि छापील प्रत हाताने रंगवल्यासारखी वाटते. वहिनी कायम एकच चित्र मागून घेत: गवताळ माळावरून एकमेकांचे हात धरून अनवाणी धावणारी मुलं. त्यांचं लहानपण खेड्यात गेलं, म्हणून या चित्रावर जीव असेल, अशी माझी समजूत होती.

"वहिनी, दमली असतील हो ती पोरं. सोडा त्यांना घरी."

"आधी तुम्ही रिटायर व्हा, भावोजी. मग त्यांनाही सुट्टी."

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मालकाने मला फोन करून बोलावून घेतलं. वहिनी स्टुलावर बसल्या होत्या, हात मांडीवर. मालकाने त्यांनी केलेला एक कॅनव्हास खिडकीशी नेऊन तिरपा धरला. समोरून चित्र ठीकठाक होतं. तिरप्या उजेडात मात्र आभाळभर गवत उगवलेलं दिसलं, आणि मुलांच्या अंगावरून ढग आडवे गेले होते.

"मावशी, उलटा ठेवून लेप दिलात की! लक्ष कुठे होतं?"

"मागे टांगायची कडी नव्हती," वहिनी म्हणाल्या. "सुतार लावायला विसरला."

"कडीचा इथे काय संबंध?"

"कडी असते ती वरची बाजू. मी चाचपून बघते."

मालक माझ्याकडे बघू लागला.

"वहिनी, तुम्हाला दिसत नाही?"

"उजेड कळतो. कोणी आलं-गेलं कळतं. घर पाठ आहे, हे चित्र पाठ आहे. दुसरं चित्र नाही जमायचं, भावोजी."

मालक माणूस वाईट नाही. पण त्याने त्यांच्या पुढ्यातले ब्रश उचलले. "मावशी, आता घरी आराम करा."

"आरामाने पोट भरतं होय रे?" वहिनी म्हणाल्या. ब्रश मात्र त्यांनी परत मागितले नाहीत.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नाही. वहिनी आता घरीच असतात आणि ताटावर बसल्या की पोळी अर्धीच घेतात. बायको रागावते, मी रागावतो, काही उपयोग होत नाही.

बिघडलेल्या कॅनव्हासची किंमत मी भरायला निघालो तर म्हणाल्या, "माझी चूक, माझे पैसे." त्यांच्या शेवटच्या मजुरीतून जमेल तेवढी रक्कम वळती झाली. उरलेली मालक सोडायला तयार आहे, वहिनी तयार नाहीत. १४५ रुपये देणे बाकी आहे.