कोऱ्या समासांची कादंबरी

मीटरवाल्या काकांनी चौतीस वर्षं घरोघरी विजेच्या मीटरचे आकडे टिपले. कुत्री मागे लागली, दारं तोंडावर आपटली, पण न बघता आकडा लिहिला असं एकदाही झालं नाही. निवृत्त झाल्यावर वाचनालयातली विज्ञानकथांची दोन कपाटं त्यांनी फस्त केली. पुढे विज्ञानकथा पुरस्काराची नामांकनं ठरवणाऱ्या समितीला चार विद्वानांच्या जोडीला एक साधा वाचक हवा होता, तेव्हा वाचनालयानं काकांनाच पुढे केलं. मग काय, स्वारी हवेत!

समितीची रीत अशी, की वाचताना समासात पेन्सिलीनं शेरे मारायचे आणि ती प्रत बैठकीत आणायची. काकांच्या चार प्रती शेऱ्यांनी गच्च भरलेल्या. पाचवी कादंबरी किशोरवयीन मुलांसाठीची. तिच्यात सदतिसाव्या पानापर्यंत शेरे, पुढची दोनशे पानं कोरी करकरीत.

समितीच्या अध्यक्षबाई मोठ्या प्राध्यापिका. त्यांनी काकांच्या प्रतीची पानं फरफर उलटली.

"काका, पुढे वाचवलं नाही ना? साहजिक आहे हो, पोराटोरांचं पुस्तक ते. मुख्य यादीतून काढू आणि बालविभागाकडे पाठवू."

काकांचे कान तापले. आपण न वाचताच आलो असं वाटलं की काय यांना? आणि आपल्या वेंधळेपणापायी इतकं चांगलं पुस्तक यादीतून जाणार, याचं तर त्यांना फारच वाईट वाटलं.

"वाचलंय बाई, अक्षर न् अक्षर. पेन्सिल कधी गळून पडली तेच कळलं नाही."

"मग सांगा बरं, पुढे काय होतं?"

"चंद्रावरची वसाहत आहे. सुटकेचं यान येणार नाही, हे सगळ्या मोठ्यांना ठाऊक. पण आजोबांना रोज सांगतात, उद्या येईल. म्हातारा आपला बॅग भरून बसलेला. शेवटी पंधरा वर्षांची नात त्यांच्याजवळ बसते आणि खरं काय ते सांगते." काकांनी प्रत जवळ ओढली. "माझी आई दवाखान्यात होती, तेव्हा आम्हीही तिला म्हणायचो, उद्या घरी जायचंय. ती चपला शोधायची हो! मला पन्नाशीत जमलं नाही ते या पोरीनं केलं. आणि याला तुम्ही पोराटोरांचं म्हणता?"

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मग?" त्यांनी हळूच विचारलं. "आजोबा काय म्हणाले?"

चौघांच्या माना एकदम बाईंकडे वळल्या. बाई लालबुंद झाल्या.

काकांनी आपली प्रत त्यांच्यापुढे सरकवली.

"घरी न्या, बाई. यादीचं मग बघू."