कामी-येईल काकू

चार मजल्यांच्या त्या इमारतीत काकूंना त्यांच्या खऱ्या नावाने कोणी हाक मारल्याचं कुणाला आठवत नाही. सगळे म्हणायचे, कामी-येईल काकू. जिन्यात कोणी मोडकी छत्री टाकली की काकू ती उचलणार, उलटीसुलटी करून बघणार आणि म्हणणार, "राहू दे, कामी येईल." आणि ती खरोखर कामी यायची, हीच तर पंचाईत होती. छत्रीचं कापड सायकलच्या सीटवर चढायचं, काड्या कुंडीतल्या वेलाला आधार द्यायच्या आणि वाकडी मूठ न्हाणीघराच्या दारामागे टॉवेल सांभाळत बसायची. लोक मागे खुदुखुदू हसायचे. पण त्यांचं स्वतःचं घोडं कुठे अडलं की तेच लोक काकूंच्या दारात उभे. "काकू, एवढीशी स्प्रिंग असेल का हो?" काकू एक अक्षर न बोलता डबा उघडायच्या. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे काही असायचं त्याला गर्व म्हणणं बरं नाही, पण दुसरा शब्दही सापडत नाही.

त्यांना रिकामी बसलेली वस्तू बघवत नसे. माणूस रिकामा बसला तर एक वेळ चालेल, वस्तूने बसता कामा नये. काका, म्हणजे त्यांचे यजमान, म्हणायचे, "मी घरात जास्त वेळ स्वस्थ बसलो तर ही मलाही कुठेतरी टांगेल."

काका भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. पहाटे पोत्यांच्या थप्पीवर उभं राहून असा काही आवाज लावायचे, की पलीकडच्या गल्लीतले लोक उशी कानावर घ्यायचे. एक वार, दोन वार, तीन वार! तिसऱ्यांदा पुकारलं की माल पक्का. मग कोणी कितीही आदळआपट केली तरी सौदा फिरायचा नाही. घरीही आवाजाची तीच पट्टी. मीठ मागायचे तेसुद्धा अख्ख्या मजल्याला कळायचं. काकू कपाळाला हात लावायच्या, "अहो, मी हातभरावर बसलेय."

त्याच गळ्याला रोग झाला. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनच्या आधी दवाखान्यातल्या एका बाईंनी काकांना एका छोट्या खोलीत बसवून त्यांच्याच आवाजात रोजची वाक्यं भरून घेतली. पाणी दे. पंखा कमी कर. चष्मा कुठे गेला. घरातल्यांची नावं सांगा म्हटल्यावर काकांनी मुलीचं नाव सांगितलं आणि बायकोच्या जागी नुसतं "अगं" म्हणाले. बाईंनी नाव विचारलं तर म्हणाले, "हेच नाव." शेवटच्या दिवशी त्यांनी काकूंना खोलीबाहेर पाठवलं. "तू जरा बाहेर बस. एक राहिलंय." काय राहिलं होतं ते काकूंनी कधी विचारलं नाही. मेहुण्यासाठी एखादी शिवी ठेवली असेल, असं त्यांनी धरून चाललं होतं.

मुलीने आपल्या जुन्या लॅपटॉपवर ते सगळं बसवून दिलं. एकेका बटणावर एकेक वाक्य, आणि बटण ओळखू यावं म्हणून वर चिकटवलेलं चित्र. खालच्या रांगेतल्या एका बटणावर मात्र चित्र नव्हतं. ते रिकामंच आहे, असं काकूंना वाटायचं, आणि रिकामं म्हणून ते त्यांना थोडं खुपायचंही. ऑपरेशननंतर घर महिनाभर मुकं होतं. मग एका सकाळी स्वयंपाकघरात काकूंना मागून हाक आली, "अगं!" तोच आवाज, तीच पट्टी. हातातला चमचा गळून पडला. त्यानंतर काकांनी त्या बटणाचा असा काही पिच्छा पुरवला की त्यावरचं चित्र उडून नुसता पांढरा डाग उरला. दुसरं लाडकं बटण होतं, "पुरे आता बडबड." तेही बरंच झिजलं होतं.

अशी सात-आठ वर्षं गेली. आणि एके दिवशी काकांनी लॅपटॉप उघडला तर पडदा काळा. वर पांढऱ्या अक्षरांत चार ओळी. काकूंनी चष्मा लावून वाचल्या. मशीन सुरू होत नाही, सोबत मिळालेली डिस्क घाला, असा काहीसा मजकूर होता. काकांनी झाकण मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं. मग "अगं"चं बटण दाबलं. काही झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं.

मुलगी फोनवर म्हणाली, "आई, नवा घेऊन देते. हल्ली त्यात आवाज तयारच असतात, नुसतं टाइप करायचं." तिने एक नमुनाही ऐकवला. काकांनी नकाराची मान हलवली. त्या आवाजात कुणी अगं म्हणालं असतं तर काकूंनी ओ दिली नसती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

कुलूपवाला आणि लाँड्री यांच्या मधल्या गाळ्यात एक दुरुस्तीवाली बसायची. चष्मा नाकापेक्षा केसांत जास्त वेळ, आणि बोलणं सरळ. तिने लॅपटॉप दोन दिवस ठेवून घेतला आणि काकू परत आल्यावर म्हणाली, "काकू, आतली हार्ड डिस्क गेल्यात जमा आहे. पण काकांच्या आवाजाचं गाठोडं मी त्यातून धडपणे काढलंय. नव्या हार्ड डिस्कवर ठेवते."

"मग झालं तर," काकू म्हणाल्या.

"कुठलं झालं? गाठोडं आहे, पण गाठ सुटत नाही. ती सोडतो फक्त दवाखान्याने दिलेला प्रोग्राम. आणि तो प्रोग्राम चालतो फक्त या लॅपटॉपसोबत आलेल्या जुन्या सिस्टिमवर. मी दवाखान्यात फोन केला होता. तो विभाग कधीच बंद झाला, त्या बाईही तिथे नाहीत. तुमच्याकडे डिस्क असतील ना? लॅपटॉपची आणि दवाखान्याची?"

काकू चक्क हसल्या. "डिस्क ना? आहेत की. आमच्या घरातून आजवर काही बाहेर गेलेलं नाही." त्या इतक्या ताठ मानेने घरी निघाल्या की वाटेत दोन ओळखीचे भेटले तेही त्यांना दिसले नाहीत.

डिस्कचं प्लॅस्टिकचं पाकीट लगेच मिळालं. कपाटात, वरच्या फळीवर, जिथे असायला हवं तिथेच. आत सुया, बटणं आणि एक मोजपट्टी. काकूंनी ते पलंगावर उपडं केलं. मग दुसरा डबा काढला, मग तिसरा. खोलीभर पसारा झाला आणि त्या मधोमध बसून राहिल्या. तेवढ्यात त्यांच्या हातावरून उजेडाचा एक ठिपका सरकला. भिंतीवर गेला, छतावर गेला, परत आला. रोज सकाळी येणारा ठिपका. काकूंनी मान वळवली.

बाल्कनीत दोऱ्याला ओवलेल्या चकचकीत चकत्या वाऱ्यावर गरगरत होत्या. कबुतरांनी वात आणला होता तेव्हा काकूंनीच टांगल्या होत्या. चमकतं ते बघून कबुतरं येत नाहीत, असं कुणी तरी सांगितलं होतं. मधोमध आयतं भोक, दोरा ओवायला किती सोयीचं! इमारतीतल्या चौघींनी पुढे त्यांचं बघून तसंच केलं होतं.

काका दाराशी येऊन उभे होते. काकूंनी मुकाट दोरा सोडला आणि चकत्या हातात घेऊन त्यांच्यासमोर आल्या. "माझ्याच हाताने टांगल्या हो," त्या म्हणाल्या. "तुमचा आवाज मी कबुतरांसाठी टांगला." काकांनी कोपऱ्यातली पाटी घेतली. तीही मुलीच्या लहानपणची, कामी येईल म्हणून ठेवलेली. त्यांनी तिच्यावर एक ओळ लिहिली, वाचली, आणि काकूंनी बघायच्या आत बाहीने पुसून टाकली. मग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. त्या पुसलेल्या ओळीने काकूंचा जीव खाल्ला. दाखवण्यासारखी नसेल एवढं जहरी काय लिहिलं असेल? सरळ दाखवली असती तर रडून मोकळं तरी होता आलं असतं. आयुष्यभराच्या आपल्या सवयीची त्यांना पहिल्यांदाच लाज वाटली.

दुरुस्तीवालीने चकत्या उजेडात धरल्या. "या होत्या कुठे?"

"बाल्कनीत."

"कशाला?"

"कबुतरांसाठी."

तिने एक चकती उलटून पाहिली. "मग आली का कबुतरं?"

"एकही नाही."

"म्हणजे काम चोख केलं म्हणायचं." तिने डिस्क कोमट पाण्यात धुतल्या, मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसल्या आणि ओरखडे घासत बसली. तिने बसायला सांगितलं नव्हतं, तरी काकू स्टुलावर बसल्या. लॅपटॉपची डिस्क कंपनीत छापलेली, टणक निघाली. घरघर करत, अडखळत का होईना, तिने आपलं काम केलं आणि ओळखीची निळी पाटी पडद्यावर आली. काकूंचा जीव अर्धा भांड्यात पडला. मग दवाखान्याची डिस्क आत गेली. फिरली, थांबली, पुन्हा फिरली आणि बाहेर आली. दुरुस्तीवालीने ती पाच-सहा वेळा घालून पाहिली, दुसऱ्या मशीनमध्येही घातली.

"काकू, ही गेली," ती शेवटी हळू आवाजात म्हणाली. "ही तिथेच कॉम्प्युटरवर भरलेली डिस्क आहे. अशा डिस्कला ऊन अजिबात सोसत नाही. अंधारात राहिली असती तर वाचली असती."

काकू तिच्या हातातल्या त्या फिक्या चकतीकडे बघत राहिल्या. आता घरी जाऊन काय सांगायचं? त्या माणसाचं शेवटचं अगंसुद्धा आपणच उन्हात घातलं. त्यांच्या डोळ्यांना धार लागली, आणि त्या धारेतच त्यांना दवाखान्यातल्या त्या बाई आठवल्या. हातात डिस्क देताना म्हणाल्या होत्या, दोन देते, एक हरवली तर दुसरी असू दे. दोन. त्यातली एकच कबुतरांना गेली होती. मग दुसरी?

"आलेच," म्हणत काकू उठल्या. कधी नव्हे ते त्यांना धावत जिने चढताना लोकांनी पाहिलं. स्वयंपाकघरातलं खालचं, कायम बंद असलेलं कपाट त्यांनी उघडलं आणि तेलाची बाटली उचलली. फळीवर तेलाचे गोल डाग पडतात म्हणून बाटलीखाली घातलेली चकती तिथेच होती. काळोखात, तेलाने चिकट, आणि बाकी अगदी धडधाकट. काकूंनी ती तशीच छातीशी धरली. ब्लाउज खराब झाला ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. काका आतून बाहेर आले, त्यांनी त्या चकतीकडे बघितलं, काकूंकडे बघितलं आणि काही न विचारता पायांत चपला सरकवल्या.

भांडी घासायच्या साबणाने तेल निघालं. डिस्क आत गेली आणि या वेळी बाहेर आली नाही. दुरुस्तीवालीने गाठोडं त्यात उघडलं, लॅपटॉप काकांकडे वळवला आणि चष्मा केसांतून नाकावर आणला. "काका, एक वाजवून बघा."

काकूंना कोणतं बटण वाजणार ते माहीत होतं. पुरे आता बडबड. ते वाजायलाच हवं होतं, आणि आज ते ऐकायला त्या आनंदाने तयार होत्या. काकांचं बोट मात्र त्या बटणावरून पुढे गेलं. "अगं"च्या पांढऱ्या डागावरून पुढे गेलं. खालच्या रांगेत आलं आणि चित्र नसलेल्या बटणावर थांबलं.

आधी खोकला ऐकू आला, मग घसा खाकरल्याचा आवाज. मग काकांचा आवाज, पण पट्टी वेगळी. लिलावातली नाही, मीठ मागतानाची नाही. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तशी. "अगं, आवाज जाईल तर जाऊ दे. तू आहेस ना, मग झालं."

दुरुस्तीवाली उगाच ड्रॉवर उघडून त्यात काहीतरी शोधू लागली.

त्या खोलीबाहेरच्या बाकावर आपण मेहुण्याच्या शिवीची वाट बघत बसलो होतो, एवढंच काकूंच्या डोक्यात फिरत होतं. मग त्यांनी विचारलं, "अहो, तेव्हा पाटीवर काय लिहून पुसलंत?"

काकांनी तेच बटण पुन्हा दाबलं.

"आणि दाखवलं का नाही?"

काकांनी खडू धरल्यासारखी दोन बोटं हवेत नाचवली आणि तोंड वाकडं केलं. खडूने लिहिलेलं ते वाक्य त्यांना स्वतःलाच पटलं नव्हतं. ते म्हणायचं होतं ते आवाजात, आणि आवाज तर काकूंच्या हातात दोऱ्याला लटकत होता.

"असं ठेवून ठेवायचं असतं का?" काकू डोळे पुसत म्हणाल्या. "इतकी वर्षं नुसतं पडून." आणि काका पुन्हा बोट पुढे नेताहेत हे बघून त्यांनी घाईने त्यांचा हात धरला. "पुरे हो. बटण झिजेल."

काकांनी हात सोडवून घेतला आणि तिसऱ्यांदा दाबलं.