दोघांनी सारखेच थेंब घेतले

"इंजेक्शन तयार ठेवा, मी पोचतोच," डॉ. कर्णिक फोनवर म्हणाले.

कर्णिक सर आमचे न्यूरोलॉजिस्ट. मी परळच्या एका हॉस्पिटलात कॅज्युअल्टीची डॉक्टर. समोर स्ट्रेचरवर लालबागच्या सुनंदा सावंत, वय साठीच्या पुढे. हिंदमाताला भाचीच्या लग्नाच्या साड्या बघता बघता दुकानातच कोसळल्या होत्या. जीभ जड, शब्द अडखळत होते, उभं केलं की तोल जात होता. चित्र स्ट्रोकचं, म्हणजे मेंदूची रक्तवाहिनी बंद पडल्याचं. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. अशा वेळी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जितकं लवकर तितकं चांगलं. पण त्याच इंजेक्शनने मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो. म्हणून ते उगाच देत नाहीत.

मला काहीतरी खटकत होतं. हातापायांची ताकद दोन्हीकडे सारखी होती. डोळे लालबुंद, तोंड कोरडं, नाडी नुसती धावत होती. मधेच त्या फिसकन हसायच्या आणि लगेच माझा हात घट्ट धरायच्या. "बाई, ती भिंत पुढे येतेय बघा."

त्यांच्या नवऱ्याला विचारलं, "काका, औषधं कुठली चालू आहेत?"

"बीपीची गोळी. बाकी काय नाय."

"सकाळपासून काय खाल्लं?"

"चहा, बटर. आणि ते गुडघ्याचं तेल."

"तेल? चोळायचं ना?"

"नाय हो, जिभेखाली टाकायचं. ऑनलाइन मागवलं. आयुर्वेदिक हाय."

काकांनी मोबाइलवर बाटलीचा फोटो दाखवला. हिरवी पानं आणि खाली बारीक अक्षरांत 'विजया अर्क'. विजया म्हणजे भांग. गांजाचंच झाड.

"काका, ही भांग आहे."

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघितला. "काय बोलता! गोदीत नोकरी केली, तंबाखूसुद्धा नाय मळली कधी. आणि मी पण घेतलं ना! कालपासून दोघांनी एकदम सुरू केलं. सारखेच थेंब."

कर्णिक सर नेमके तेव्हाच आत आले. मी त्यांना तेलाचं सांगितलं. त्यांनी काकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. काका काडीसारखे, काकू अंगाने भरलेल्या.

"तेलाचा दोष असता तर आधी हे आडवे झाले असते," सर म्हणाले. "वेळ घालवू नकोस."

"सर, आधी एमआरआय करू. मशीन रिकामं आहे. आणि दोघांची युरिन तपासू."

"नवऱ्याची कशाला?"

"बघू या तर."

सरांना पटलं नव्हतं, पण ते थांबले. एमआरआय स्वच्छ आला, स्ट्रोक कुठेच नव्हता. युरिनच्या दोन्ही पट्ट्या गांजासाठी पॉझिटिव्ह. सरांनी काकांची पट्टी उचलून पुन्हा पाहिली. भरलेली सिरिंज ट्रेमध्ये तशीच होती. मी ती उचलून बाजूला ठेवली.

"यांच्यात पण आहे?" सर म्हणाले. "मग यांना काहीच कसं नाही?"

काका हळूच म्हणाले, "मघापासून भूक लय लागलीय. मला वाटलं, टेन्शननं."

तोंडावाटे घेतलेल्या भांगेतला नशेचा अंश बायकांच्या रक्तात बरेचदा पुरुषांपेक्षा जास्त उतरतो. त्यात हार्मोन्सचाही हात असतो. त्यामुळे एकाच डोसात पुरुषाला नुसती भूक लागते आणि बाईला भीती, धडधड, भ्रम होऊ शकतात. प्रत्येकीला असंच होईल असं नाही. पण नवऱ्याच्या डोसावरून बायकोचा डोस ठरत नाही, एवढं नक्की.

संध्याकाळपर्यंत काकूंचं बोलणं साफ झालं. मी सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "भांग? आमच्या घरात?" मग म्हणाल्या, "ह्यांना काय झालं नाय?"

"भूक लागली."

काकूंनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. "आमच्याकडे असंच असतं," त्या म्हणाल्या.

हल्ली मी 'औषधं कुठली' एवढ्यावर थांबत नाही. तोंडात काय काय जातं ते विचारते, तेल, चूर्ण, काढा, सगळं. आणि 'मला तर काहीच झालं नाही' असं कुणाचा नवरा म्हणाला, तर त्याचीही तपासणी करते.