स्वच्छ मुळाची दाढ

अण्णा गेल्याचा निरोप शहराच्या टोकाच्या येलहंक्याहून आला तेव्हा शिवाजीनगरातल्या माझ्या दवाखान्यात मी एका बाईचा दात काढत होतो. हात थांबला नाही. काम पुरं करून तिला कापसाचा बोळा चावायला दिला आणि मग दवाखान्याचं दार लावून घेतलं...

अण्णा म्हणजे माझ्या पत्नीचे, लीलाचे, थोरले भाऊ, कारखान्यात फोरमन. दोन वर्षांपूर्वी उजवीकडची वरची दाढ दुखते म्हणून आले. खुर्चीत बसता बसता आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाले, "जावईबापू, स्वल्प हळू हं. नाहीतर लीलाला माहेरी घेऊन जाईन!" दाढ काढली, पण जखम भरेना. महिन्याभरात शेजारची हलू लागली. तीही काढली आणि चिमट्यात धरून उजेडात पाहिली. मूळ स्वच्छ होतं. कीड नाही, पू नाही. मग ही हलली कशी? प्रश्न मला पडला होता, हे आज कबूल करतो. पण मी ती बादलीत टाकली आणि म्हणालो, "बरं झालं काढली. पार सडली होती."

पुढे ते सांगत, दाढी करताना उजवा गाल आपला वाटत नाही, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येतं. मी उन्हाळ्यावर ढकललं. एकदा चाचरत त्यांनी विचारलं, "मोठ्या इस्पितळात दाखवून येऊ का?"

"जा की. माझ्यावर विश्वास नसेल तर जरूर जा."

अण्णा ओशाळले. घरचा जावई दातांचा डॉक्टर असताना दुसरीकडे जाणं त्यांच्या घरात जावयाचा अपमान होता. "छे, छे... सरी, बरं, तुम्ही म्हणाल तसं," ते म्हणाले. त्यात चार महिने गेले. उजवा डोळा पुढे आल्यासारखा दिसू लागला तेव्हा मीच घाबरून त्यांना इस्पितळात नेलं. गालाच्या हाडामागच्या पोकळीत कर्करोग होता. दाढांचा काही दोषच नव्हता. "दाढा का काढल्या?" सर्जननी विचारलं. "किडल्या होत्या," मी म्हणालो. शेजारी बसलेल्या अण्णांनी माझ्यासाठी मान डोलावली.

परवा त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, दवाखान्यात आल्या. दाढ ठणकत होती. खुर्चीत बसून त्यांनी निमूटपणे तोंड उघडलं. माझ्याच्याने आरसा उचलवेना. मी त्यांना सगळं सांगितलं, मूळ स्वच्छ होतं इथपासून.

वहिनींनी तोंड मिटलं. मग पदर गालाशी दाबून उठल्या.

"मग मी आता कुठं जाऊ, डॉक्टर?"