साऱ्या दुनियेचा खड्डा

कारध्याच्या भैय्यालालचं तोंड गावाने मंचावर कधी पाहिलंच नाही. पाहणार कसं? दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत नाटक लागलं, की हा मंचापुढच्या खड्ड्यात, मांडीवर नाटकाची वही घेऊन. प्रॉम्प्टर! आपल्या झाडीपट्टीत नटांना तालमीला वेळ कुठला? आज या गावात राजा, उद्या त्या गावात डाकू. संवाद खालून यायचा, टाळ्या वर पडायच्या. त्याची बायको तुळसा म्हणायची, "लोकाइचे नवरे मंचावर मरतात, माहा नवरा खड्ड्यात जिवंत आहे."

त्यांची लेक रक्षा नागपूरला विद्यापीठात शिकवते. ही पोरगी बापाच्या बांधीत, धानाच्या शेतात, उलटे डबे ठेवून हवा पकडायची, तेव्हा गाव काय काय नाही बोललं! कुणी म्हणालं भानामती, कुणी म्हणालं लग्न लांबलं की असंच होतं. ती बिचारी मोजत होती, की धानात साचलेल्या पाण्यातून कोणता वायू किती सुटतो. त्या डब्यांनीच तिला परदेशी नेलं, हवामान बदलाच्या वाटाघाटींना, देशाच्या चमूत सल्लागार म्हणून.

भैय्यालालच्या पोटात गोष्ट राहीना. नाटक मंडळाच्या अध्यक्षाला, खुशालला म्हणाला, "माही रक्षा साऱ्या जगापुढं बोलणार हाय. मंडईच्या दिवशी पडद्यावर दाखवू."

रक्षाने फोनवर एवढंच सांगितलं होतं, की बैठक मोबाईलवर दिसेल. 'बोलणार' हे बापाने पदरचं जोडलं. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात वाक्यं घातली. वाटलं, आपल्या घरातलं एक तरी तोंड उजेडात यावं. खुशालने तर जाहीरच केलं: पोरगी बोलली की बापाला मंचावर शाल-श्रीफळ!

मंडईच्या दिवशी सांज झाली. पडदा उजळला आणि अख्खी मंडई माना उंचावून पाहू लागली. केवढं ते सभागृह! देशांच्या नावांच्या पाट्या, रांगांमागे रांगा, झगेवाले, टोपीवाले, नाना रंगांची माणसं. एवढ्यांतून एकाने जरी नाही म्हटलं तरी सारं अडतं म्हणे. आपल्या देशाच्या पाटीमागे एक साहेब, आणि त्याच्या मागच्या रांगेत, आंधळगावच्या कोसा रेशमाच्या साडीत, आपली रक्षा.

साहेब बोलू लागला. रक्षा गप्प.

"काहून भैय्याभाऊ, पोरगी मुकी होऊन बसली का?" खुशालने चिमटा काढला.

"खुर्ची राखाले नेली असन तिले!" मागून कुणीतरी. हशा पिकला.

भैय्यालालचे कान तापले. "बोल, बाई, बोल," तो सवयीने पुटपुटत राहिला.

तेवढ्यात दुसऱ्या देशाच्या बाईने काहीतरी विचारलं आणि साहेब अडला. अडलेला माणूस भैय्यालालला कोसावरून ओळखू येतो: हात उगाच टेबलावर फिरतो, मान जराशी मागे जाते. रक्षा पुढे वाकली. ओठ जेमतेम हलले. साहेबाची मान ताठ झाली, आणि गडी सुटला! पुन्हा थांबला, ती पुन्हा वाकली. ती विचारणारी बाई मान डोलवत लिहून घेऊ लागली. मग तिच्याही मागून कुणी वाकलं. पलीकडच्या पाटीमागेही एक म्हातारा वाकला, त्याच्या पलीकडे एक तरुण पोर.

भैय्यालाल उभाच राहिला.

"तुळसे, पाह्य व! साऱ्या दुनियेचा खड्डा मागं हाय!"

तुळसाने नवऱ्याकडे पाहून टाळ्या वाजवल्या. असं संसारात पहिल्यांदाच घडलं.

खुशाल शाल घेऊन आला. "चाला भाऊ, वर."

"बोलली कुठं माही पोरगी?"

"मंग तो सायेब का आपल्या मनानं बोलला?"

भैय्यालालने शाल घेतली, अंगावर पांघरली आणि वर न जाता खड्ड्यात उतरला. नाटक सुरू झालं. राजाने तोंड उघडायच्या आत त्याचा संवाद खड्ड्यातून शेवटच्या रांगेला ऐकू गेला.

"भाऊ, हळू! हळू!" खुशाल मंचाच्या आडून ओरडला.

पण त्या दिवशी भैय्यालालला हळू बोलणं जमेचना.