तुळईखालची खुर्ची

आत्माराम गेल्याचा निरोप ब्राह्मणपुरीहून आला तेव्हा मी वर्गात शिकवत होतो. ऐकलं आणि माझी नजर का कोण जाणे, आधी वर आढ्याकडे गेली. ही खोड त्याची. कुणाच्याही घरी गेला की बसण्याआधी तो वर पाहायचा. "आरे, फराळ खाले शे, वर नही!" म्हणून आम्ही मित्र चिडवायचो. त्याला हसू यायचं नाही.

शहाद्याच्या कचेरीत तो कारकून होता. इमारत आणि आवाराचा चार्ज त्याच्याकडे. ओसरीच्या एका तुळईला वाळवी लागली आणि त्याची झोप उडाली. सुनावणीच्या तारखेला सातपुड्यातून पायी आलेली माणसं नेमकी तिथेच सावलीला टेकत. धुळ्याच्या वरच्या कचेरीच्या हुकुमाशिवाय तुळई उतरवायची नाही. टेकू लावला, तर ओसरी वाईट दिसते म्हणून साहेबांनी तो काढायला लावला, वर तंबी दिली, बोभाटा नको. मला भेटला की त्याचं एकच, "मास्तर, माणूस मरना ते गुन्हेगार मीच. चार्जवर सही मन्ही शे."

शेवटी त्याने घरची खुर्ची आणून तुळईखाली ठेवली, तिच्यावर आपली काळी टोपी. साहेबाची जागा समजून तिकडे कुणी फिरकेना. पण एका तारखेला नव्या शिपायाने दया येऊन, टोपी उचलून, दमलेल्या एका पावरा आदिवासी म्हाताऱ्याला तिथे बसवलं. आत्माराम आतून धावत आला. "ऊठ बाबा, आठून ऊठ!" म्हणत त्याने दंडाला धरून खेचलं आणि म्हातारा पायरीवर आपटला. गुडघा फुटला. "कारकुनाला केवढा माज!" लोक तोंडावर बोलले. खरं कारण सांगायची सोय नव्हती. त्याने टोपी पुन्हा खुर्चीवर ठेवली... तुळई त्या दिवशी पडली नाही.

पडली ती पुढे, भर दुपारी, खुर्चीवरच. कुणाला खरचटलंही नाही. चौकशीत पहिला प्रश्न काय, तर सरकारी ओसरीत खाजगी खुर्ची कुणाच्या परवानगीने? मला आजही संताप येतो. त्याला ताकीद मिळाली, तिचं त्याला काही वाटलं नाही. रुखरुख होती ती म्हाताऱ्याची. तो म्हातारा पुन्हा कचेरीत दिसलाच नाही. आत्माराम दर बाजारी पावऱ्यांच्या गर्दीत त्याला शोधत हिंडायचा.

परवा भेटायला गेलो. घर माणसांनी भरलेलं, सगळे सतरंजीवर, आणि मोडक्या पायाला लोखंडी पट्टी ठोकलेली ती खुर्ची रिकामी. मी तिच्यापाशी घुटमळलो. वहिनी आतून म्हणाल्या, "बसा मास्तर. वर त्यासनी पाहेल शे."

मी बसलो. वर पाहिलं नाही.